कैलास लेण्याचा हिशेब: यूट्यूबवर रहस्ये सांगणाऱ्या मराठी मंडळींना खुले पत्र

प्राचीन रहस्यांचे व्हिडिओ करणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींस,

स. न. वि. वि.

मी वेरुळला गाइडचे काम करतो. तुमचे व्हिडिओ मी बघतो, कारण न बघून भागत नाही. इथल्या सोळाव्या लेण्याच्या, म्हणजे डोंगरातून कोरलेल्या कैलास मंदिराच्या, दारातून आत येणारा पर्यटक हल्ली ते आधीच बघून आलेला असतो. पूर्वी लोक विचारायचे, 'हे कुणी केलं?' आता विचारतात, 'हे माणसाने केलेलं नाही ना?' आणि मी 'माणसानेच केलं' म्हटले की त्यांचा चेहरा पडतो. तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखा.

हे पत्र कुणा एका वाहिनीला उद्देशून नाही. तुम्ही सगळे जवळपास तेच सांगता. चार लाख टन दगड अठरा वर्षांत काढला, म्हणजे दिवसाला साठ टन, आणि हे छिन्नी-हातोड्याने अशक्य. काढलेला दगड गेला कुठे, कुणाला ठाऊक नाही. खाली भुयारे आहेत आणि सरकारने ती बंद केली आहेत. औरंगजेबाने हजार माणसे तीन वर्षे लावली तरी लेणे फुटले नाही. मग शेवटी दोन वाटा फुटतात. काही जण परग्रहावरची मंडळी खाली उतरवतात, काही जण भौमास्त्र नावाचे दगड विरघळवणारे यंत्र काढतात.

आधी अठरा वर्षांचे बोलू. हा आकडा कोरलेला एकही शिलालेख नाही, एकाही ताम्रपटात तो नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द साधारण इ. स. ७५६ ते ७७३. हे मंदिर त्याचे, असे आपण मानतो. त्याच्या कारकिर्दीची वर्षे मोजून कुणीतरी हा आकडा काढला असावा आणि मग तो सगळीकडे फिरला. काम त्याच्या आधी सुरू झाले असेल, त्याच्या मागे चालू राहिले असेल, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. अभ्यासकांनी मात्र तो विचारला आहे, त्याकडे पुढे येतो.

आता चार लाख टन. कैलासाचे आवार, म्हणजे डोंगरात कोरलेला तो प्रचंड खड्डा, साधारण २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. मागच्या बाजूला कडा १०७ फूट उंच आहे. डोंगराला पश्चिमेकडे उतार असल्याने ही उंची पुढच्या बाजूला बरीच कमी होते. तरी समजा, उतार नाहीच. समजा, सगळा खड्डा मागच्यासारखाच १०७ फूट खोल आहे आणि मध्ये मंदिर, हत्ती, स्तंभ काहीसुद्धा शिल्लक ठेवलेले नाही, सगळे खरवडून नेले. तर ते होतात सुमारे साडेपंचेचाळीस लाख घनफूट, म्हणजे १ लाख २९ हजार घनमीटरच्या आसपास. बेसाल्टचा घनमीटर २.९ टनांचा धरा. गुणाकार केला की पावणेचार लाख टन येतात. खड्डा पूर्ण खोल आणि पूर्ण रिकामा धरूनही चार लाख भरत नाहीत! उतार वजा करा, मध्ये उभे असलेले मंदिर वजा करा, भोवतालच्या ओवऱ्यांची थोडी भर घाला, तर आकडा दोन लाखांच्या आसपास येऊन थांबतो. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होणारा हा हिशेब आहे. लाखो लोकांना आकडा सांगण्याआधी तो कुणी करून पाहिला नाही, याचे मला खरे आश्चर्य वाटते.

पण वाद नको. तुमचेच चार लाख घेऊ, तुमचीच अठरा वर्षे घेऊ. पावसाळा आणि सणवार सोडून वर्षाला अडीचशे दिवस काम चालले असे धरू. दिवसाला ८९ टन, म्हणजे ३१ घनमीटर, म्हणजे हजाराच्या थोडे वर घनफूट. हजार माणसे दगड फोडत असतील तर माणशी दिवसाला एक घनफूट. पाचशे असतील तर दोन. खरा आकडा दोन लाख टनांचा धरला तर हजार माणसांना अर्धा घनफूट पुरतो. 'साठ टन' म्हटले की छाती दडपते, 'माणशी एक घनफूट' म्हटले की पाथरवट हसतो. शिवाय दगडाचा कण न् कण छिन्नीने उडवावा लागत नाही. आपला काळा पाषाण लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे, त्याला उभ्या-आडव्या भेगा असतात. भेग ओळखायची, पहार घालायची, घणाने धोंडा सुटा करायचा. मराठवाड्यात विहिरी खणणाऱ्या वडार मंडळींना हे कुणी पुस्तकातून शिकवलेले नव्हते. हातात पोलादी टाकी म्हणजे छिन्नी, शेजारी भाता पेटवून बसलेला लोहार आणि बोथट टाकीला पुन्हा धार काढून पाणी पाजायची सोय, एवढे असले की काम चालते. मला विचाराल तर कैलासाच्या हिशेबात आपण लोहारांना विसरतो. हजार टाक्या रोज बोथट होत असतील तर किती भाते धगधगत असतील? त्यांना कोळसा कुठून येत असेल? यावर व्हिडिओ करा, मी पहिला बघेन.

वरून खाली कोरले म्हणूनही तुम्हाला अचंबा वाटतो. खरे तर वरून खाली येणे ही सोय आहे. खालून वर बांधत जायचे तर परांची बांधावी लागते, दगड वर चढवावा लागतो. इथे कारागीर अजून न कोरलेल्या खडकावरच उभा राहतो आणि काम संपेल तसा पायाखालचा खडक उतरत जातो. आधी दोन्ही बाजूंना आणि मागे असे तीन खंदक खणले, मधे डोंगराचा अखंड ठोकळा सुटा उभा राहिला, मग त्यातून मंदिर काढले. वरचे शिखर घासूनपुसून तयार होत असताना खाली अजून कच्चा डोंगर होता.

हे मी अंदाजाने सांगत नाही. अर्धवट राहिलेली कामे जागोजाग आहेत, ती बघून कळते. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अपुरे आहे. आधी समांतर गल्ल्या खोदायच्या आणि मग मधल्या भिंती फोडायच्या, ही पद्धत तिथे स्पष्ट दिसते. वेरुळातच ३० क्रमांकाचे जैन लेणे, ज्याला आपण छोटा कैलास म्हणतो, तेही पुरे झाले नाही. तमिळनाडूत कळुगुमलईला पांड्यांच्या काळातले वेट्टुवन कोइल आहे, आठव्या शतकातलेच. डोंगरात खड्डा, मधे मंदिर, वरचा भाग सुरेख कोरलेला आणि खाली नुसता खडक. काम जिथे थांबले तिथेच थांबले आहे. परग्रहवासी किंवा भौमास्त्र असते, तर अर्ध्यात का थांबले असते? पैसे संपतात, राजा मरतो, लढाई येते, आणि माणसांची कामे अर्धवट राहतात.

आता 'एकाएकी कुठून आले?' या प्रश्नाकडे. एकाएकी काहीच आले नाही. भाजे, कोंडाणे, कार्ले, नाशिकची पांडवलेणी, कान्हेरी, अजिंठा. कैलासाला हात लागला तेव्हा सह्याद्रीच्या खडकात कोरण्याची परंपरा नऊशे वर्षांची होती. आणि दगडावर मंदिराचा आकार कसा काढायचा, ते दक्षिणेकडून आले. कांचीचे कैलासनाथ मंदिर आठव्या शतकाच्या आरंभीचे. पुढे चालुक्य विक्रमादित्य दुसरा याने कांची जिंकली आणि त्याची राणी लोकमहादेवी हिने त्या विजयाप्रीत्यर्थ पट्टदकलला मंदिर बांधवले, आजचे विरूपाक्ष मंदिर. ते बघा आणि मग कैलास बघा. आराखडा, विमान म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, नंदीमंडप, सगळे ओळखीचे वाटेल. इ. स. ७५३ च्या सुमारास राष्ट्रकूट दंतिदुर्गाने चालुक्यांना हटवले आणि त्यांची सत्ता घेतली. सत्तेबरोबर कारागीरही नव्या धन्याकडे आले असतील, यात नवल काय?

पट्टदकलच्या त्या मंदिराच्या सूत्रधाराचे, म्हणजे मुख्य स्थपतीचे, नाव शिलालेखात आहे: गुंड अनिवारिताचारी. हे नाव तुमच्या एकाही व्हिडिओत ऐकलेले मला आठवत नाही. कैलासाच्या आधी दोन-तीन दशके, त्याच घडणीचे मंदिर उभारणारा माणूस, नावासकट आपल्याला माहीत आहे. माझ्या दृष्टीने ही अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे.

कैलासाच्या शिल्पकाराचे नाव मात्र मिळालेले नाही. पण त्याचा आवाज मिळाला आहे, असे म्हणता येईल. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतला कर्क सुवर्णवर्ष, त्याचा शके ७३४ चा, म्हणजे इ. स. ८१२-१३ चा ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात म्हटले आहे की कृष्णराजाने एलापूरला असे मंदिर उभारले, की विमानातून जाणारे देवही ते पाहून चकित झाले, हे स्वयंभू शिवस्थानच असणार असे म्हणाले; आणि ज्या शिल्पकाराने ते घडवले तोही थक्क होऊन 'हे मी केले तरी कसे?' असे म्हणाला. रा. गो. भांडारकरांनी हे एलापूर म्हणजे आपले वेरुळ, असे दाखवून दिले. कवीची अतिशयोक्ती आहे, मान्य. प्रशस्ती लिहिणारा कवी राजाची थोरवी वाढवूनच सांगणार. पण बघा, मंदिर घडून चाळीस-पन्नास वर्षेच झाली असताना, वाटेल तेवढे फुगवायची मुभा असलेल्या त्या कवीलाही ते घडवणारा माणूसच हवा होता.

मराठीत एक सुंदर दंतकथाही आहे, कृष्ण याज्ञवल्कींच्या 'कथाकल्पतरू'त. एल राजाला दुर्धर व्याधी जडते, ती बरी होते, आणि राणी नवस बोलते की शिवाचे देऊळ बांधीन आणि त्याचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. असे देऊळ तर वर्षानुवर्षे चालायचे, राणीचे प्राण कसे वाचणार? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी पुढे येतो आणि म्हणतो, आठवड्यात शिखर दाखवतो. तो डोंगर वरून कोरायला घेतो आणि शिखर आधी करतो! राणीच्या नावावरून लेण्याला माणकेश्वर म्हणत. कथा इतिहास नव्हे, ती खूप नंतरची आहे. तरी मध्य भारतातल्या अकराव्या ते तेराव्या शतकातल्या काही शिलालेखांत शिल्पी स्वतःला कोकसाच्या कुळातले म्हणवतात, त्यामुळे हे नाव अगदी हवेतले नसावे. शेकडो वर्षांपूर्वीच्या मराठी माणसालाही तुमच्याइतकेच कोडे पडले होते की हे वरून खाली का. त्याने उत्तर म्हणून पैठणचा कारागीर आणला. तुम्ही दुसऱ्या ग्रहावरचा आणता.

दगड गेला कुठे? लेणे उतारावर आहे, तोंड पश्चिमेला उघडे आहे, फोडलेला दगड त्याच वाटेने बाहेर गेला. वेरुळात क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत, त्या सगळ्यांतून दगड निघाला. फक्त सोळाव्याचाच गायब झाला असे तर नाही ना? बाराशे वर्षांत काळा दगड पायात जातो, बांधात जातो, रस्त्यात जातो.

भुयारांचेही तसेच. पावणेतीनशे फूट लांबीच्या उघड्या खड्ड्यात मराठवाड्याचा वळवाचा पाऊस कोसळला, तर पाणी बाहेर काढायला वाट नको का? चऱ्या, नाल्या आणि पाण्याची टाकी कोरणे हा लेणी खोदणाऱ्यांच्या कामाचाच भाग. जाळी लावलेल्या प्रत्येक भोकाखाली नगर असायलाच हवे असे नाही. खरोखर दडलेली गोष्ट सापडल्याचे उदाहरण हवे असेल तर ११ क्रमांकाच्या लेण्यात जा. त्याला दोन ताल म्हणतात, कारण लोकांना दोनच मजले दिसत होते. १८७६ मध्ये माती उपसली आणि खाली तिसरा मजला निघाला. नाव दोन तालच राहिले. इतकी चांगली गोष्ट, आणि ती सोडून तुम्ही लोखंडी जाळीवर वीस मिनिटे घालवता.

औरंगजेबाच्या हजार माणसांबद्दल मी अनेकांना विचारले, समकालीन आधार कुणीही दाखवलेला नाही. उलट वेरुळची लेणी म्हणजे ईश्वराच्या कारागिरीचे नवल, अशा अर्थाचे त्याच्या पत्रातले शब्द इतिहासकार देतात. त्याची कबर इथून जवळच खुलताबादला आहे. त्याने इतर ठिकाणी काय केले हा वेगळा विषय, त्यासाठी पुरावे आहेत आणि ते पुराव्यानिशी मांडा. कैलासातल्या तुटलेल्या सोंडांना आणि फुटलेल्या चेहऱ्यांना मात्र 'हे लेणे कुणाला फोडताच आले नाही' हे वाक्य लागू पडत नाही. आवारात फिरून या, फुटलेले खूप दिसेल.

'कार्बन डेटिंग करून का बघत नाहीत?' हाही प्रश्न रोजचा. कार्बन डेटिंग लाकूड, कोळसा, हाड, धान्य अशा कधीकाळी सजीव असलेल्या वस्तूंचे होते. बेसाल्टचे होत नाही. दगडाचे वय दुसऱ्या पद्धतीने काढता येते आणि ते साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास निघते, पण ते लाव्हा थिजल्याचे वय. त्यावर छिन्नी कधी पडली हे त्यातून कळणार नाही. सेंद्रिय वस्तू शोधायच्या तर गिलाव्यात बघा. वेरुळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले गेले. त्यामुळे किडीपासून गिलावा वाचला असावा, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. कैलासालाही पूर्वी पांढरा गिलावा आणि रंग होता, लोक त्याला रंगमहाल म्हणत. काळ्या कड्याच्या मधोमध पांढरेशुभ्र कैलास! या एका दृश्यासाठी तुम्ही ॲनिमेशन का करत नाही?

आता खऱ्या वादाकडे, ज्याचा वर उल्लेख केला. हरमान गोएट्झ या कलाइतिहासकाराने १९५२ मध्ये मांडले की कैलास एका राजाचे काम नाही. सुरुवात दंतिदुर्गाच्या काळात झाली, पुढच्या राजांनी भर घातली, आणि कृष्णराजाला मिळते तेवढे श्रेय देता येणार नाही. पुढे डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकरांनी शिल्पांच्या शैलीचा बारकाईने अभ्यास केला आणि वेगळा निष्कर्ष काढला: मुख्य मंदिर आणि त्याचा बराचसा परिवार कृष्णराजाच्याच काळातला, काही भाग मात्र नंतरच्या राजांचे. हा वाद कैलासापाशी उभे राहून आपणही घालू शकतो. कैलासाच्या आवारातल्याच लंकेश्वर लेण्यातली शिल्पे आणि मुख्य मंदिराच्या भिंतीवरची शिल्पे एकाच हाताची वाटतात का? रावण कैलास हलवतो आहे ते दक्षिणेकडचे जबरदस्त शिल्प पहिल्या आराखड्यात होते, की मागाहून खोलात कोरले? शेजारच्या पंधराव्या लेण्यात, दशावतारात, दंतिदुर्गाचा उल्लेख असलेला लेख आहे. मग तिथले कारागीर आणि इथले कारागीर एकच का? याची उत्तरे मलाही पक्की देता येत नाहीत, आणि पर्यटकांना मी तसेच सांगतो. लोक ऐकतात. मागे फिरून पुन्हा शिल्प बघायला जातात.

दोष एकट्या तुमच्यावर टाकणार नाही. हे सगळे अभ्यास बहुतेक इंग्रजीत आहेत, सामान्य वाचकाच्या हाती न पडणाऱ्या नियतकालिकांत आहेत. मराठीत सांगणारे थोडे. आमच्यातलेही काही जण पर्यटकाला खूश करायला 'अठरा वर्षे' ठोकून देतात. तुमच्याजवळ कॅमेरा आहे, चांगला आवाज आहे, गोष्ट रंगवायची हातोटी आहे. दहावीतली पोरे तुमचे ऐकतात, शिक्षकांचे ऐकत नाहीत.

मला खटकते ते वेगळेच. तुमच्या व्हिडिओच्या शीर्षकात 'अभिमान' असतो, मागे शंख आणि ढोल वाजतात, आणि आत दहा मिनिटे तुम्ही सांगत असता की आपल्या पूर्वजांना हे जमणे शक्यच नव्हते. ही कल्पना आपली नाहीच. १९६८ मध्ये एरिक फॉन डेनिकेन या स्विस लेखकाने प्राचीन परग्रहवासियांचे पुस्तक काढले तेव्हापासून ती जगभर खपते आहे, आणि परदेशी वाहिन्यांनी कैलासाला लावलेली तीच ओळ तुम्ही मराठीत आणता. भौमास्त्रवाल्यांनी तिला भगवी किनार लावली, एवढेच. दोन्हीकडे हरवतो तो टाकी धरणारा माणूस. त्याचे वंशज आज इथेच आहेत, दगडाच्या खाणीवर, पाटा-वरवंटा टाकत, जात्याला टाकी लावत गावोगाव फिरलेले. त्यांच्यापैकी कुणाला तुम्ही कधी कॅमेऱ्यासमोर बसवून विचारले आहे का, की बाबा, हा खांब तुम्ही कुठून सुरू केला असता?

म्हणून एकच मागणी. एक भाग तसा करा. एखाद्या अनुभवी पाथरवटाला सोबत घेऊन या, त्याला आवारात मोकळे फिरू द्या, तो जिथे थांबेल तिथे कॅमेरा न्या. त्याला टाकीच्या खुणा तुमच्या-माझ्यापेक्षा चांगल्या वाचता येतील. मी बरोबर फिरेन, पैसे घेणार नाही. ड्रोन आणायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा, नाहीतर दारातच अडवतील. सकाळी लवकर या, गर्दी नसते आणि उन्हाचा चटका कमी असतो. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढा वार टाळा.

आपला,
वेरुळचा एक गाइड